काकवी काढतात, मळी निघते

गेल्या अंकात 'साखरझोप' या शब्दाबद्दल लिहिताना मी ओघात 'काकवीसारखी दाट झोप' असं लिहून गेले, आणि त्या एका उपमेपायी महिनाभर पत्रं येत राहिली. त्यांतली सात इथे घेतली आहेत. हा विषय माझ्या घरचा आहे, हे आधीच कबूल करते. करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठी, आमच्या थोरल्या चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं. पुढे नोकरी केली ती साखर कारखान्याच्या लॅबमध्ये, 29 हंगाम. म्हणजे निम्मं आयुष्य काकवीत गेलं आणि निम्मं मळीत. तेव्हा उत्तरं लांबली तर माफ करा.

प्रश्न : ताई, नाताळात लेकीच्या हट्टापायी आल्याचा केक केला. इंग्रजी पाककृतीत पाऊण वाटी 'मोलॅसिस' लिहिलं होतं. मोबाइलनं त्याचं मराठी दिलं 'मळी'. माझे धाकटे दीर साखर कारखान्यात आहेत, त्यांनी हसत हसत बाटलीभर मळी आणून दिली. केक काळाकुट्ट आणि कडवट झाला, घरभर वास सुटला तो वेगळाच. नंतर शब्दकोश उघडला, तर त्यात काकवीही आहे आणि मळीही. चूक नक्की कुणाची? (ठाणे)

उत्तर : दिरांची. बाकीच्यांचा नंबर नंतर. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला मळी ही खायची वस्तू नाही हे ठाऊक असतं. साखर पांढरी यावी म्हणून रसात चुना घातलेला असतो, गंधकाचा धूर दिलेला असतो. त्या सगळ्याचा गाळीव अर्क शेवटी मळीत उतरतो. ती जाते डिस्टिलरीत, नाहीतर गुरांच्या खाद्यात. तुमच्या घरात सुटला तो वास मी 29 वर्षं पदराला लावून घरी आणला आहे, त्यामुळे तुमचं दुःख मला पुरेपूर कळतं.

आता शब्दाकडे येऊ. त्यासाठी आधी गुऱ्हाळावर जावं लागेल.

दिवाळी झाली की आमच्याकडे चुलवाण पेटायचं. चरकातून रस यायचा, तो मोठ्या काहिलीत पडायचा आणि खाली चिपाडांचा जाळ. रस तापू लागला की त्यात चुन्याची निवळी आणि रानभेंडीची खोडं ठेचून काढलेलं बुळबुळीत पाणी पडायचं. मग थोड्याच वेळात पृष्ठभागावर हिरवट-काळपट, मळकट साय धरायची. ती लांब दांड्याच्या झाऱ्यानं ओढून बाजूला काढायची. या सायीला गुऱ्हाळावर म्हणतात मळी. मळ, मळकट, मळणे यांच्याच घरातला शब्द. रसाचा मळ. ती गुरांपुढे जायची नाहीतर उकिरड्यावर.

मळी निघाली की रस सोनेरी दिसायला लागतो आणि मग सुरू होते खरी परीक्षा. आमचे गुळव्या म्हणजे दाढीचे खुंट वाढलेले, कमी बोलणारे गृहस्थ. थर्मामीटर त्यांनी उभ्या जन्मात हातात धरला नव्हता. ते बुडबुड्यांकडे बघत बसायचे. आधी बुडबुडे बारीक आणि उतावळे असतात, मग मोठे होतात, जड होतात, फुटताना 'फच्च' असा आवाज येतो. या सुमाराला आम्ही पोरं पितळी तांबे घेऊन काहिलीच्या कडेला उभी असायचो. गुळव्या झारा वर उचलायचे, काठावरून ओघळणारी धार बघायचे, अंगठा आणि बोट चिकटवून लांब करायचे. तार धरली की मान हलवायचे. तेव्हा आमच्या तांब्यात जे पडायचं ती काकवी. पुढे लॅबमध्ये आले तेव्हा कळलं की गुळव्यांची मान साधारण 105-106 अंशांवर हलायची. त्याच काहिलीत उरलेला पाक आणखी शिजून 118 अंशांच्या आसपास पोचला की त्याची गार पाण्यात टाकलेली गोळी कडक होते. मग काहील उतरवायची, पाक वाफ्यात ओतायचा आणि त्याचा गूळ होतो. म्हणजे काकवी आणि गूळ यांच्यात फरक आहे तो बारा-तेरा अंशांचा आणि गुळव्याच्या मानेचा.

मग साखर कारखाने आले. तिथे रस आटवून त्यात साखरेचे दाणे पाडतात, आणि दाणे व चिकट पाक असा तो लगदा भिंगरीसारख्या फिरणाऱ्या यंत्रात घालून पाक झटकून टाकतात. झटकलेला पाक पुन्हा आटवतात, पुन्हा दाणे पाडतात, पुन्हा झटकतात. तिसऱ्या खेपेला जो काळा, जाड पाक राहतो त्यातून दाणा पाडणं परवडत नाही. गंमत म्हणजे त्यात अजून जवळपास निम्मी साखर असते, पण ती हाताला लागत नाही. टनभर ऊस गाळला की असा पाक 40 ते 45 किलो निघतो. या टाकाऊ वस्तूला नाव काय द्यायचं? गुऱ्हाळावरून कारखान्यात आलेल्या माणसांकडे शब्द तयार होता. नको असलेलं, काढून टाकायचं, काळं, चिकट ते म्हणजे मळी. गुऱ्हाळावर मळी म्हणजे साय होती, कारखान्यात मळी म्हणजे पाक झाला. शब्द तोच राहिला, वस्तू पार बदलली.

पहिल्या हंगामात मी ही मळी नमुन्याच्या बाटलीतून घरी नेली होती. आईला दाखवावी, इतकीच हौस. तिनं सवयीनं बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "ही मेलेली काकवी गं." माझ्या कारकिर्दीत मळीची याहून नेमकी व्याख्या कुणी केली नाही.

तेव्हा खूणगाठ अशी बांधा : काकवी काढतात, मळी निघते. एक मुद्दाम, वेळ साधून, खाण्यासाठी उतरवलेली. दुसरी सगळं काढून घेतल्यावर मागे राहिलेली. इंग्रजी 'मोलॅसिस' हा शब्द हा भेद करत नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातली फिकट, गोडसर बाटलीही मोलॅसिस आणि कारखान्याच्या टाकीतला काळा डांबरासारखा पाकही मोलॅसिसच. आपल्या कोशकारांनी त्यापुढे दोन्ही मराठी शब्द स्वल्पविराम देऊन ठेवले. त्या स्वल्पविरामानं तुमचा केक घालवला.

पुढच्या नाताळात काकवी वापरा. ती जास्त गोड असते, म्हणून साखर दोन चमचे कमी घ्या, आणि किंचित आंबटपणासाठी मी चमचाभर दही घालते. दिरांना केक देऊ नका.

प्रश्न : आम्ही निपाणीकडचे. घरात मराठी, दारात कन्नड. आम्ही काकवी म्हणतो, शेजारी 'काकंबी' म्हणतात. हा शब्द त्यांच्याकडून आपल्याकडे आला की उलट? आणि शाळेत एका गुरुजींनी सांगितलं होतं की कावळ्यासारखी काळी म्हणून 'काक-वी'. हे खरं का? (निपाणी)

उत्तर : कावळ्याला सोडून द्या. ताजी काकवी काळी नसतेच मुळी. ती मधासारखी तांबूस-सोनेरी असते, उन्हात धरली तर आरपार दिसते. काळी पडते ती जास्त शिजली तर, नाहीतर फार दिवस राहिली तर. ज्या गुरुजींनी कावळा सांगितला त्यांनी काकवी बाटलीतलीच पाहिली असणार. आमच्या गल्लीत एक आजी 'काकूनं वाढलेली म्हणून काकवी' असंही सांगायच्या. त्या निदान प्रेमानं सांगायच्या.

तुमच्या शेजाऱ्यांचा शब्द मात्र खराखुरा भाऊबंद आहे, आणि भावंडं आणखीही आहेत. गुजरातीत 'काकब' म्हणतात. कोण कुणाच्या घरून आला यावर निपाणीत बसून वाद घालू नये, तिथे आधीच पुरेसे वाद आहेत. मला त्यात दुसरीच गोष्ट जास्त रसाळ वाटते. कन्नडमध्ये 'काकंबी' हा शब्द कारखान्याच्या मळीलाही सर्रास वापरतात. चिकोडीकडच्या कानडी बातमीत 'काकंबी'चा टँकर उलटला असं आलं, तर त्यात भाकरी बुडवायला धावू नका. नदीच्या अलीकडे जो शब्द स्वयंपाकघरात राहिला, तो पलीकडे कारखान्यात जाऊन नोकरीला लागला.

संस्कृतात या वस्तूला 'फाणित' असं नाव आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारावरच्या अधिकाऱ्यानं काय काय साठवायचं याची यादी आहे, त्यात एका ओळीत फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड, शर्करा असे पाच शब्द येतात. ती ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसूच आलं, कारण तो आमच्या गुऱ्हाळाचा आणि कारखान्याचा मिळून पूर्ण दिनक्रम आहे. पातळ काकवी, मग गूळ, मग माशाच्या अंड्यांसारखा रवाळ दाणा, मग खडा, मग शुद्ध साखर. जसजसं पाणी आणि मळ जातो तसतसा शब्द पुढे सरकतो. यांतली शर्करा पश्चिमेकडे गेली ती जगभर पसरली. खंड फारशीत 'कंद' झाला आणि गुलकंदात बसून आपल्याकडे परत आला. बिचारं फाणितही गेलं होतं, फारशीत 'पानीद' झालं, अरबीत 'फानीद', पण तिकडेच राहिलं. इकडे त्याची जागा काकवीनं घेतली.

एक जोड. काकवी म्हणजे उसाचीच, असं समजायचं कारण नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं 'मधुरा' नावाची गोड धाटाची ज्वारी तयार केली आणि तिच्या रसाची काकवीही केली. तिला ज्वारीची काकवीच म्हणतात, वेगळा शब्द कुणी शोधायला गेलं नाही. आखातात राहणारी आमची एक भाची खजुराच्या पाकाला 'खजुराची काकवी' म्हणते. मला हे फार आवडतं. शब्द पदार्थाचा नव्हे, तर त्या दाटपणाचा आहे, आटवून खाण्याजोगं केलं आणि घट्ट व्हायच्या आत थांबवलं, याचा आहे.

प्रश्न : मी इंग्रजी बालसाहित्याचं मराठी करते. 'ट्रीकल' या शब्दापाशी अडले आहे. काकवी लिहिलं तर चालेल का? शिवाय जुन्या मजकुरात हाच शब्द औषध या अर्थी आलेला दिसतो, ते कसं? (कोल्हापूर)

उत्तर : पोरांच्या गोष्टीत, जिथे कुणी ते पावाला लावून खातंय, तिथे बिनदिक्कत काकवी लिहा. मराठी मुलाच्या तोंडाला पाणी सुटलं म्हणजे अनुवाद जमला. फक्त पिवळसर 'गोल्डन सिरप' आणि काळं 'ट्रीकल' एकाच पानावर आलं तर एकाला 'काळी काकवी' म्हणावं लागेल. हे गोल्डन सिरप लंडनमध्ये 1883 साली एब्रम लाइल यांच्या साखर शुद्धीकरणाच्या कारखान्यात सुरू झालं. तेही साखरेच्या मागे उरलेल्या पाकावर संस्कार करूनच केलेलं. म्हणजे त्या गृहस्थांनी निघालेल्या मळीची काढलेली काकवी केली, असं म्हणता येईल. त्याच्या हिरव्या-सोनेरी डब्यावर मेलेला सिंह आणि त्याच्याभोवती मधमाश्या असं चित्र असायचं. गोड पदार्थाच्या डब्यावर मेलेलं जनावर! बायबलमधल्या सॅमसनच्या कोड्याचा तो संदर्भ आहे, पण मला पहिल्यांदा तो डबा पाहून उंदीर मारायचं औषध वाटलं होतं.

आता औषधाचं. इथे शब्दानं घेतलेली गिरकी बघण्यासारखी आहे. ग्रीकमध्ये 'थेरिऑन' म्हणजे हिंस्र जनावर. त्याच्या दंशावरचा उतारा तो 'थेरियाके'. रोमन बादशहा नीरोचा वैद्य आंद्रोमाकस यानं याची जी कृती बसवली तिच्यात साठाहून अधिक जिन्नस होते. त्यांत अफू होती, सापाचं मांसही होतं, आणि हे सगळं मधात कालवलेलं. पुढे शेकडो वर्षं व्हेनिसचं थेरियाक युरोपभर नावाजलेलं होतं. लॅटिन, मग फ्रेंच असं करत ते इंग्रजीत 'ट्रीकल' झालं, तेव्हाही अर्थ उताऱ्याचाच होता. 1568 साली छापलेल्या इंग्रजी बायबलात यिर्मयाच्या ग्रंथात 'गिलादात ट्रीकल नाही काय' असा प्रश्न आहे. नंतरच्या प्रतींत तिथे मलमाचा शब्द आला. तुम्ही त्या जुन्या ओळीचं 'गिलादात काकवी नाही काय' केलंत तर फजिती होईल.

मग औषधाचा पाक कसा झाला? जसा आपल्याकडे होऊ शकला असता तसाच. लहानपणी कडू काढा प्यायचा झाला की आई बोटभर काकवी आधी आणि बोटभर नंतर चाटवायची. काढा विसरला, काकवी लक्षात राहिली. इंग्रजांचंही तेच झालं. औषध दाट गोड पाकातून द्यायचे, साखर स्वस्त झाल्यावर मधाच्या जागी साखरेचा काळा पाक आला, आणि सतराव्या शतकापासून त्या पाकालाच लोक ट्रीकल म्हणू लागले. औषध गळून गेलं, अनुपान उरलं.

हाच ग्रीक शब्द पूर्वेकडेही आला, अरबी-फारशीतून 'तिर्याक' होऊन. इकडे त्यातला गोडवा हरवला आणि औषध राहिलं. युनानी दुकानात सर्दीपडशासाठी 'तिर्याक-ए-नजला' आजही मिळतं, आणि फारशीत तिर्याक म्हणजे सरळ अफू. एकाच बरणीतून इंग्रजानं पाक उचलला आणि इराण्यानं अफू. तुमच्या जुन्या मजकुरात 'उतारा' हा शब्द घ्या. विषावरचा उतारा, आपल्याकडे तयार आहे.

प्रश्न : बॉस्टनमध्ये 1919 साली मोलॅसिसची टाकी फुटून माणसं मेली, त्यावर आमच्या पुरवणीत टिपण आहे. मथळा 'काकवीचा पूर' की 'मळीचा पूर'? कार्यालयात दोन तट पडले आहेत. (मुंबई, एक उपसंपादक)

उत्तर : मळीचा. ती टाकी औद्योगिक अल्कोहोलसाठीच्या मालाची होती. 15 जानेवारीला फुटली, सुमारे 87 लाख लिटर पाक रस्त्यांवर आला, 21 माणसं गेली. 'काकवीचा पूर' म्हटलं की मराठी वाचक आधी हसतो, आणि मेलेल्या माणसांच्या बातमीवर वाचकाला हसवू नये. दुसरा तट काय म्हणणार तेही मला माहीत आहे : त्याच बॉस्टनच्या स्वयंपाकघरात मोलॅसिस घालून शिजवलेला राजमा आणि पाव पिढ्यान्‌पिढ्या खातात, तिथे ते काकवीच. बरोबर आहे. पण टाकीतलं ते स्वयंपाकघराच्या वाटेवर नव्हतं.

जाता जाता एक. तुमच्याच पुरवणीत नव्हे, सगळीकडेच नदीतल्या माशांच्या बातमीत 'मळीमिश्रित पाणी' छापतात. बऱ्याचदा ती मळी नसते. मळी आंबवून दारू काढल्यावर उरतं ते काळं सांडपाणी असतं. मळी विकली जाते हो, तिला भाव आहे. 2018 च्या जैवइंधन धोरणानंतर तर 'बी हेवी', 'सी हेवी' अशा तिच्या जातीही बाजारभावाच्या पानावर आल्या. कितव्या खेपेला साखर काढणं थांबवलं, त्यावर ही बाराखडी. बी हेवी म्हणजे दुसऱ्या खेपेलाच थांबलेली, म्हणून तिच्यात साखर जास्त आणि इथेनॉलही जास्त. आईच्या भाषेत, अजून पुरती न मेलेली.

प्रश्न : मेरठला बदली झाली आहे. इथल्या पेपरात 'शीरे की तस्करी' अशी बातमी वाचली आणि सकाळचा शिरा घशात अडकला. (मेरठ)

उत्तर : सावकाश गिळा. उत्तरेत शीरा म्हणजे पाक, आणि कारखान्याच्या भाषेत थेट मळी. तस्करी दारूसाठी होते. मूळ फारशी शब्दाचा अर्थ रस, पाक. आपल्याकडे तो रव्यात शिरला आणि सत्यनारायणाच्या प्रसादापर्यंत पोचला. तिथल्या गुऱ्हाळावर, म्हणजे कोल्हूवर, काकवी हवी असेल तर 'राब' मागा. काकवी म्हणालात तर तुमच्याकडे बघत राहतील.

प्रश्न : बाटलीतल्या काकवीत तळाशी खडे जमले. भेसळ समजायची का? आणि सूनबाई पुरणपोळीवर गुळवणी मागते, मी काकवी वाढली तर नाक मुरडते. दोन्ही गूळच ना? (पुणे)

उत्तर : खड्यांचं आधी. ती साखर आहे. काकवी दाट आणि साखरेनं भरलेली असते, थंडीत ती तळाशी दाणा धरते. भेसळीची खूण म्हणून बाटली परत करू नका. तसं होऊ नये म्हणून करताना लिंबू पिळतात किंवा सायट्रिक ॲसिड घालतात. आमचे चुलते काही घालत नसत, आणि त्या खड्यांवरून आम्हा भावंडांत मारामाऱ्या होत. बाटली कोमट पाण्यात ठेवा, विरघळतील, किंवा घरात लहान मूल असेल तर त्याला चमचा द्या.

दुसऱ्या भांडणात मी सूनबाईंच्या बाजूची आहे. त्या आमच्याच बाजूच्या असणार, सांगली-कोल्हापूरच्या. गुळवणी म्हणजे गुळाचं पाणी, वेलदोडा घालून, पातळ. ताटात पोळीवर ओतायची आणि वरून तूप. पोळी त्यात भिजते, मऊ होते. काकवी ओतलीत तर आधीच गोड असलेलं पुरण आणखी जड होतं आणि दुसरी पोळी जात नाही. काकवीची जागा भाकरीशेजारी, घावनाशेजारी, आंबोळीशेजारी. कालची शिळी भाकरी कुस्करून काकवी आणि तूप घाला, मग नाक मुरडतात का ते कळवा.

प्रश्न : सांगलीला गेलो होतो. मंडईत एका मावशींनी 'मळीची वांगी घ्या, मळीची' असा आग्रह केला. कारखान्याच्या मळीवर वाढवलेली वांगी म्हणून भीतीनं घेतली नाहीत. बरोबर केलं ना? (पुणे)

उत्तर : नाही, फार मोठी चूक केलीत. कृष्णाकाठी पूर ओसरला की नदी मागे गाळ सोडून जाते. त्या मऊ, काळ्याशार गाळाच्या रानाला तिकडे मळी म्हणतात. त्या रानातली वांगी म्हणजे मळीची वांगी. पांढुरकी-हिरवी, पातळ सालीची, कमी बियांची, भरताला घ्या की भरून करा. सांगलीकर परगावच्या पाहुण्याला निघताना पिशवीत घालून देतात ती हीच.

आता गंमत ऐका. कारखान्यात रस गाळताना जो गाळ मागे राहतो, ज्याला लॅबमध्ये आम्ही प्रेसमड म्हणायचो, त्यालाही शेतकरी मळीच म्हणतात आणि खत म्हणून ट्रॉली भरभरून नेतात. माझ्या धाकट्या भावाचं नदीकाठचं रान आहे. त्यानं एकदा फोनवर सांगितलं, "मळीत मळी टाकली, आता वांगी लावतोय." पलीकडून मी, 29 हंगाम मळीच्या नळीपाशी काढलेली बाई, विचारलं, "कुठली मळी कुठल्या मळीत?" तो म्हणाला, "तू वांगी खायला ये."

पुढच्या खेपेला मावशींकडून दोन किलो घ्या.